दुहेरी दिसतं ते सगळं दुहेरी ठशाचं नसतं: जुने अमेरिकन सेंट, निकेल आणि डाईम कसे तपासायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यू जर्सीत बरीच वर्षं राहिलेल्या काकांचा नाण्यांचा डबा पुण्याच्या घरी आला आहे. त्यात चारशेच्या आसपास एक सेंटची नाणी, मूठभर निकेल (पाच सेंटची नाणी) आणि थोडे डाईम (दहा सेंटची) आहेत. चाळताना तीन नाण्यांवर नजर थांबली. १९६९-एसच्या (सालाखाली एस असलेल्या) एका सेंटवर अक्षरं दुहेरी दिसतात, १९४३चा एक सेंट तांबूस आहे आणि एकावर १९१४ सालाखाली डी आहे. यातलं खरंच दुर्मिळ काय, आणि घरच्या घरी ते कसं ओळखायचं?

आधी या तिघांबद्दल स्पष्ट सांगतो. या तीन तारखांची जी नाणी डब्यांतून निघतात, त्यातली बहुतेक एक तर साधी असतात किंवा कुणीतरी मुद्दाम 'बनवलेली' असतात. पण म्हणून ती बाजूला टाकू नका. प्रत्येकाची तपासणी पाच-दहा मिनिटांची आहे आणि तिघांची तऱ्हा वेगळी आहे. ही तीन नीट तपासता आली, की उरलेला डबा तपासायची रीत आपोआप हाताशी येते.

सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. नाणं पाडताना कोरी चकती दोन पोलादी ठशांमध्ये दाबतात आणि एका ठशातून लाखो नाणी निघतात. दोष ठशातच असेल, तर त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर तो त्याच जागी, त्याच आकारात उतरतो. यंत्र जरा हललं, नाणं झिजलं, कुणी सुईने कोरलं, तर ते त्या एका नाण्यापुरतं राहतं. 'व्हरायटी' म्हणतात ती ठशाची असते. म्हणूनच प्रत्येक प्रसिद्ध व्हरायटीला ठरलेल्या खुणा असतात: अमुक अक्षराशेजारी बारीक रेघ, तमुक अक्षरावर टाचणीच्या टोकाएवढा उंचवटा. मुख्य दोषाची नक्कल करणाऱ्याला या बारक्या खुणा सहसा साधत नाहीत. आपण शोधायच्या त्या नेमक्या याच.

सामान फार लागत नाही. सोनार वापरतात तसं दहापट दाखवणारं चांगलं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा, एक लोहचुंबक आणि एकाच बाजूने प्रकाश देणारा टेबलावरचा दिवा. संगणकाला जोडायचा मायक्रोस्कोप घेतलात तरी पहिली पाहणी भिंगानेच करा. शंभरपट मोठं केलं की प्रत्येक ओरखडा 'दुहेरी' वाटायला लागतो. आजवर ज्या मोठ्या व्हरायटी मोलाच्या ठरल्या, त्या दहापटीत दिसतात, आणि १९५५ची तर नुसत्या डोळ्यांनी. नाणं धरायचं ते कडेने, खाली मऊ टॉवेल अंथरून.

आणि नाणी धुवायची नाहीत. चिंच, लिंबू-मीठ, राख, पितळ घासायची पावडर, यातलं काहीही लावलं तर तांब्याचा वरचा थर जातो, नाणं गुलाबी आणि निर्जीव दिसतं आणि किंमत मोठ्या प्रमाणात उतरते. गोंद किंवा प्लॅस्टिकचा चिकट थर असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून, न चोळता सुकू द्यावं. त्यापलीकडे जाऊ नये. ॲसिटोन खिडकी उघडून आणि ज्योतीपासून लांब वापरायचं.

आता वर्गवारी. सेंटच्या पाठीमागे गव्हाच्या दोन लोंब्या असतील तर ते १९०९ ते १९५८मधलं, आणि लिंकन स्मारकाची इमारत असेल तर १९५९ ते २००८मधलं. पुढच्या, लिंकनच्या चेहऱ्याच्या बाजूला सालाखाली एखादं छोटं अक्षर असतं, ते टांकसाळीचं चिन्ह. डी म्हणजे डेन्व्हर, एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, काहीच नसेल तर सर्वसाधारणपणे फिलाडेल्फिया. आपल्याकडे मुंबईच्या नाण्याला चौकट, हैदराबादच्या नाण्याला तारा असतो आणि कोलकात्याला चिन्हच नसतं. तिथे कोलकात्याची जागा फिलाडेल्फियाची. फक्त १९६५ ते १९६७ ही तीन वर्षं कुठल्याच टांकसाळीने चिन्ह घातलेलं नाही, तेव्हा त्या सालांत 'चिन्ह नाही' याला काही अर्थ नाही.

साल आणि चिन्ह यांप्रमाणे ढीग लावा. मग सेंटमधून ही सालं वेगळी काढा: १९०९, १९१४-डी, १९२२, १९३१-एस, १९४३, १९४४, १९५५, १९६०, १९६९-एस, १९७०-एस, १९७२, १९८२, १९८३, १९८४, १९९२, १९९५ आणि १९९८ ते २०००. यापलीकडेही व्हरायटी शेकड्यांनी आहेत, पण सुरुवातीला एवढ्यावरच लक्ष द्यावं. यादी लांबवली की डोळे थकतात आणि खरं नाणं नजरेखालून निसटतं.

१९६९-एस: दुहेरीपणाचे तीन प्रकार

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

ठसा तयार करताना 'हब' नावाचा सुलट चित्राचा पोलादी तुकडा कोऱ्या ठशात दाबत. एका दाबात चित्र पुरतं उतरत नसे. पोलाद दाबाने कडक होई, मग ते भट्टीत मऊ करून पुन्हा त्याच हबखाली द्यायचं. दुसऱ्या वेळी ठसा अंशभर फिरून बसला, तर दोन चित्रं एकमेकांवर पडत. हा खरा दुहेरी ठसा, संग्राहकांच्या बोलीत 'डबल्ड डाय'. ठसा मध्याभोवती फिरलेला असला, तर मधे फरक कमी आणि कडेच्या अक्षरांत जास्त दिसतो.

त्यात दोन्ही प्रतिमा गोलसर आणि उठावदार असतात. अक्षर मुळापेक्षा जाड होतं. आणि सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे अक्षराच्या टोकाला, जिथे छोटी आडवी पट्टी असते तिथे, खाच पडून टोक दुभंगलेलं दिसतं.

दुसरा प्रकार यंत्राचा. ठसा यंत्रात सैल बसलेला असला, तर नाणं पडल्याच्या क्षणी तो किंचित सरकतो आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराची कड चेपून जातो. इथे नवी प्रतिमा तयार होत नाही, आहे त्याच अक्षराची बाजू सपाट होते. भिंगाखाली अक्षराला लागून जिन्याच्या पायरीसारखा चपटा, चकचकीत पट्टा दिसतो आणि मूळ अक्षर तेवढंच बारीक झालेलं असतं. दिवा एका जागी ठेवून नाणं हळूहळू फिरवा. हा पट्टा एका कोनात आरशासारखा चमकतो आणि पुढच्या कोनात नाहीसा होतो. खऱ्या दुहेरी ठशातली दुसरी प्रतिमा कुठल्याही कोनात अक्षरासारखीच दिसत राहते.

तिसरा प्रकार थकलेल्या ठशाचा. ठसा फार वापरला की अक्षरांच्या कडा पसरतात आणि आकड्याभोवती धूसर सावलीसारखा फुगवटा येतो. १९५५च्या काही सेंटवर शेवटचा पाच असा दुहेरी भासतो. 'गरिबाचा डबल्ड डाय' म्हणून तो विकलाही जातो, पण खऱ्या १९५५च्या व्हरायटीशी त्याचा काही संबंध नाही.

आता तुमचं १९६९-एस. त्या काळात टांकसाळीचं अक्षर हबवर नसे. चित्र उतरलेल्या प्रत्येक ठशावर ते छोट्या पंचाने, हाताने ठोकत. म्हणजे हबच्या दोन दाबांतला फरक त्या अक्षराला लागूच शकत नाही. म्हणून या नाण्यावर पहिल्यांदा एस बघा. साल आणि अक्षरं दुहेरी आहेत आणि एसही त्याच दिशेला, तसाच दुहेरी आहे, तर ते यंत्राचं काम. नाण्याची किंमत एक सेंट. १९६९-एसमध्ये हा यंत्राचा प्रकार अगदी मुबलक सापडतो, आणि 'दुर्मिळ' म्हणून दाखवली जाणारी नाणी जवळजवळ सगळी याच जातीची असतात.

एस स्वच्छ, एकेरी आहे आणि साल, 'लिबर्टी' व 'इन गॉड वुई ट्रस्ट' हे तिन्ही स्पष्टपणे, जाडसर, दुभंगलेल्या टोकांसह दुहेरी आहेत, तर मात्र नाणं लगेच मऊ कागदात ठेवा आणि त्याला पुन्हा हात लावू नका. खऱ्या १९६९-एस डबल्ड डायची ज्ञात संख्या शंभरीच्या आतबाहेर आहे. ती सगळी एकाच ठशातली, म्हणून सालाच्या खाली एसची जागाही प्रत्येकावर तंतोतंत तीच. प्रमाणित, म्हणजे तज्ज्ञ संस्थेने तपासून खरं ठरवलेल्या, नाण्याचा मोठा फोटो समोर ठेवून ती जुळवा. केसभर जरी डावी-उजवीकडे असली, तर तुमचं नाणं वेगळ्या ठशाचं आहे.

एक बारकावा राहिला. फक्त एसच दुहेरी असेल, बाकी सगळं एकेरी असेल, तर पंच दोनदा ठोकला गेला आहे. तीसुद्धा ठशातलीच व्हरायटी आहे, 'रीपंच्ड मिंट मार्क' म्हणतात, पण अशा हजारो आहेत आणि बहुतेकांना किरकोळ भाव असतो. सेंट आणि निकेलवर हे अक्षर हाताने ठोकणं १९९०मध्ये थांबलं. त्यानंतरच्या नाण्यांना एसची ही कसोटी लावू नका.

१९५५, १९७२ आणि पुढचे दुहेरी ठसे

१९५५चा डबल्ड डाय फिलाडेल्फियाचा, म्हणजे सालाखाली अक्षर नसलेला. वीस-चोवीस हजार नाणी चलनात गेली असं मानतात. साल आणि वरची अक्षरं इतकी उघड दुहेरी आहेत की शंकेला जागाच राहत नाही. शंका येतच असेल, तर ते १९५५चं नव्हे. बनावट मात्र भरपूर आहेत, म्हणून नाणं उलटं करा. मागच्या बाजूला 'सेंट' शब्दातल्या टीच्या डावीकडे दोन अगदी बारीक, जवळजवळ उभ्या, उठावाच्या रेघा असायला हव्यात. ठसा घासताना त्या राहिल्या. या व्हरायटीची खरी नाणी याच मागच्या ठशातून निघाली. रेघा नाहीत आणि नाणं फारसं झिजलेलंही नाही, तर संशय पक्का.

१९७२मध्ये चिन्ह नसलेल्या नाण्यांचे दुहेरी ठसे अनेक आहेत आणि मोठा भाव फक्त संग्राहकांच्या यादीतल्या पहिल्या क्रमांकाच्या ठशाला आहे. त्याची खूणही मागेच. 'युनायटेड'मधल्या डीच्या वर, काठाजवळ, एक बारीकसा उंचवटा असतो. त्यामुळे १९७२चं नाणं हातात आलं की मी आधी मागची बाजू बघतो. पुढचा दुहेरीपणा डोळ्यांना फसवू शकतो, हा ठिपका फसवत नाही.

१९८३मध्ये दुहेरीपणा मागच्या बाजूला आहे आणि सगळीच अक्षरं जाड दुहेरी आहेत. १९८४मध्ये लिंकनच्या कानाच्या पाळीखाली दुसरी पाळी दिसते. १९९५मध्ये 'लिबर्टी' आणि 'इन गॉड' दुहेरी आहेत. हे शेवटचं बऱ्यापैकी मिळतं, भाव बेताचा, पण खरा दुहेरी ठसा कसा दिसतो हे शिकायला याच्यासारखं नाणं नाही. एक विकत घेऊन टेबलावर ठेवा, रोजच्या तुलनेला उपयोगी पडतं.

१९८२नंतरच्या सेंटमध्ये आणखी एक फसवणारी गोष्ट आहे. ही नाणी जस्ताची असतात, वरून तांब्याचा पातळ मुलामा. दाबताना अक्षराच्या मुळाशी मुलामा फाटतो आणि आतलं जस्त करड्या-चंदेरी रेघेसारखं दिसतं. ही रेघ अक्षराच्या काठाकडच्या बाजूला असते. फोटोत ती हुबेहूब दुसरी प्रतिमा वाटते. भिंगाखाली मात्र रंगाचा फरक दिसतो, उठाव नसतो.

१९४३: आधी चुंबक

दुसऱ्या महायुद्धात तांबं दारूगोळ्याला हवं होतं, म्हणून १९४३ची सगळी सेंट जस्त चढवलेल्या पोलादाची पाडली. तांब्याच्या मिश्रधातूच्या काही चकत्या चुकून यंत्रात राहिल्या आणि त्यावर १९४३ उमटलं. तिन्ही टांकसाळींची मिळून अशी नाणी दोन-तीन डझनांच्या आतच माहीत आहेत.

तांबूस १९४३ हातात आलं की चुंबक लावा. चिकटलं, तर ते पोलादाचं नाणं, वर तांब्याचा मुलामा दिलेला. हौसेखातर आणि मुलांना वाटायला अशी नाणी ढिगाने बनवली गेली. चिकटलं नाही, तर वजन करा. पोलादाच्या सेंटचं वजन २.७० ते २.७५ ग्रॅम, तांब्याच्या मिश्रधातूचं ३.११ ग्रॅम. तुमचं ३.०च्या वर आलं, तर शेवटचा आकडा भिंगाखाली घ्या.

इथे जरा थांबून बघण्यासारखं आहे. १९४८च्या आठाची डावी बाजू खरवडून तीन बनवणं ही जुनी युक्ती आहे. वजन बरोबर, चुंबक लागत नाही, सगळं ठीक. पण खऱ्या १९४३मधल्या तिनाची शेपटी लांब असते, शेजारच्या आकड्यांच्या तळरेषेच्या बरीच खाली उतरते. आठातून कोरलेल्या तिनाला ती शेपटी कुठून येणार? तो बसका, गोल राहतो, आणि डावीकडे जिथे धातू काढला तिथली जमीन (आकड्यांभोवतीचा सपाट भाग) थोडी खोल, रेघाळलेली, वेगळ्या छटेची असते. नाणं डोळ्यांच्या पातळीवर आडवं धरून दिवा मागून घ्या, खड्डा लगेच दिसतो.

१९४४मध्ये उलट शोध. त्या वर्षी पुन्हा तांब्याचा मिश्रधातू आला आणि काही पोलादी चकत्या मागे राहिल्या. म्हणून १९४४चं प्रत्येक नाणं चुंबकावरून फिरवा. चिकटलं आणि वजन २.७च्या आसपास आलं, तर ते प्रमाणित करून घ्यायलाच हवं.

१९१४-डी आणि १९०९-एस व्हीडीबी

१९१४-डी ही व्हरायटी नव्हे, कमी पाडलेलं नाणं आहे: ११,९३,०००. मात्र ओळखायची कला तीच. याची सर्वांत प्रचलित नक्कल १९४४-डीपासून करतात. पहिल्या चाराचा काही भाग काढून त्याचा एक बनवायचा. त्यामुळे दोन गोष्टी फुटतात. पहिली, नऊ आणि एक यांच्यात अंतर जास्त पडतं, कारण तिथे मुळात रुंद चार होता. दुसरी गोष्ट जास्त पक्की आहे. सेंटचा आराखडा करणाऱ्या व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांची आद्याक्षरं, व्हीडीबी, १९१८मध्ये लिंकनच्या खांद्याच्या कापलेल्या कडेवर आली. १९१४च्या नाण्यावर ती असूच शकत नाहीत. खांद्याच्या कडेवर भिंग ठेवा. तीन बारकी अक्षरं, किंवा ती खरवडल्याची खूण दिसली, की प्रश्न मिटला.

ती नसतील, तर डी बघायचा. साध्या १९१४वर डी चिकटवलेलाही असतो. नाणं तिरपं धरून अक्षराच्या मुळाशी बघा. खरं अक्षर जमिनीतून वर आल्यासारखं, सांधा नसलेलं दिसतं. चिकटवलेल्याच्या भोवती बारीक काळी रेघ किंवा गोंदाची चमक राहते.

१९०९-एस व्हीडीबीलाही हीच तपासणी. ब्रेनर यांची अक्षरं आधी नाण्याच्या मागे तळाला होती. ऑगस्ट १९०९मध्ये नाणं चलनात आलं आणि काही दिवसांतच ती काढली. तोवर सॅन फ्रान्सिस्कोने ४,८४,००० नाणी पाडली होती. फिलाडेल्फियाची व्हीडीबी असलेली नाणी मात्र जवळजवळ दोन कोटी ऐंशी लाख, म्हणून त्यावर एस चिकटवणं सोपं. खऱ्या नाण्यासाठी पुढचे ठसे चारच वापरले गेले, म्हणजे एसच्या जागाही चारच. पाचव्या जागी एस दिसला तर ते नाणं खोटं. मागच्या बाजूला बीची मधली रेघ आडवी सरळ नसून तिरकी असते, हेही ताडून बघा.

१९२२: अक्षर का गेलं

१९२२मध्ये सेंट फक्त डेन्व्हरमध्ये पाडली गेली, म्हणजे प्रत्येकावर डी हवा. काही ठसे इतके झिजले आणि घासले गेले की डी बुजला. पण बाजाराला हवी आहे ती एकच जोडी: पुढचा ठसा पुसट आणि मागचा ठसा नवा, ताजा. डी नाही, गव्हाच्या लोंब्यांच्या रेघा मात्र ठसठशीत, सालातला शेवटचा दोन आधीच्या दोनापेक्षा स्पष्ट, आणि बोधवाक्यात 'ट्रस्ट' इतर शब्दांहून उठून दिसतो. मागची बाजूही पुसट असेल तर ती दुसऱ्या जोडीतली, भाव बराच खाली. डीची हलकी सावली दिसत असेल तर 'वीक डी', आणखी खाली. आणि डीच्या जागेवर ओरखडे किंवा खड्डा असेल, तर डी खरवडलेला आहे.

१९८२ आणि आकड्यांचे आकार

हे वर्ष वजनकाट्याचं. वर्षाच्या मध्यात धातू बदलला: आधी ३.११ ग्रॅमचा ९५ टक्के तांब्याचा, नंतर २.५० ग्रॅमचा जस्ताचा. सालाचे आकडेही दोन आकारांचे. मोठ्या सालाचे आकडे जाड आणि काठाजवळ, छोट्या सालाचे बारीक, काठापासून लांब आणि दोनाची मान जास्त वळलेली. दोन टांकसाळी, दोन धातू, दोन आकार मिळून सात प्रकार सर्रास मिळतात. आठवा, म्हणजे डेन्व्हर, छोटं साल आणि ३.११ ग्रॅम, असा पाडायचाच नव्हता. तो २०१६मध्ये पहिल्यांदा सापडला. म्हणून १९८२-डीची छोट्या सालाची नाणी वेगळी काढून एकेक तोला. काट्यावर २.५ आलं की पुढचं. नऊशे नव्याण्णव वेळा २.५च येणार, पण या नाण्यासाठी दुसरी कुठली परीक्षा नाही. मूठभर नाणी एकदम तोलून सरासरी काढू नका, नेमकं हवं ते त्यात लपतं. १९८३चीही तोलाच, कारण जुन्या तांब्याच्या चकत्यांवर पडलेली थोडी निघाली आहेत.

१९७०-एसच्या छोट्या सालात साताचा माथा नऊ आणि शून्याच्या माथ्याच्या रेषेत असतो, शिवाय 'लिबर्टी' जरा पुसट असतं. मोठ्या सालात सात खाली बसलेला. १९६०मध्ये छोट्या सालाच्या सहाची शेपटी आखूड आणि मोठ्याची लांब.

१९९२ आणि १९९८ ते २०००साठी मागे 'अमेरिका' शब्दातली पहिली दोन अक्षरं, ए आणि एम, तळाशी किती जवळ आहेत ते बघा. १९९२पर्यंत चलनी नाण्यात ती सुटी असत, १९९३पासून जवळजवळ चिकटलेली. १९९२मध्ये चिकटलेली सापडली तर फार मोलाचं. उलट १९९८, १९९९ आणि २०००च्या चिन्ह नसलेल्या नाण्यात ती सुटी असली, तर चुकून संग्राहकांसाठीच्या 'प्रूफ' नाण्यांचा मागचा आराखडा वापरला गेला आहे. तिघांत १९९९ सर्वांत कमी मिळतं. ताडून बघायला दुसरी खूण इमारतीच्या उजव्या पायथ्याशी असलेली एफजी ही अक्षरं: सुट्या प्रकारात ती इमारतीजवळ असतात, चिकटलेल्या प्रकारात दूर.

निकेल आणि डाईम

यांचं थोडक्यात. रानरेड्याच्या म्हणजे बफेलो निकेलमध्ये १९३७-डी बघा. ठसा जास्त घासल्यामुळे रेड्याचा पुढचा एक पाय गेला. नकला करणारे साध्या नाण्याचा पाय खरवडतात. खऱ्यावर रेड्याच्या पोटाखालून जमिनीकडे उतरणारी उठावाच्या ठिपक्यांची ओळ असते आणि मागचा पाय वाळवी लागल्यासारखा खडबडीत दिसतो. पाय नाही आणि ठिपकेही नाहीत, तर खरवडलेलं. या नाण्यांचं साल लवकर झिजतं. फेरिक क्लोराईड टाकून ते वर आणता येतं, पण तिथे कायमचा डाग राहतो आणि किंमत जाते. साल वाचायची फारच उत्सुकता असेल तरच, आणि तेही इतर काही मोलाची खूण नसलेल्या नाण्यावर.

जेफरसन निकेलमध्ये १९४२ ते १९४५मधली, मागे इमारतीच्या वर मोठं अक्षर असलेली वेगळी ठेवा. त्यात ३५ टक्के चांदी आहे. वजन चांदीच्या आणि साध्या, दोन्ही प्रकारांचं ५ ग्रॅमच, त्यामुळे काटा इथे कामाचा नाही, अक्षराची जागाच बघायची.

पंख असलेल्या टोपीच्या, 'मर्क्युरी' डाईममध्ये १९१६-डी (२,६४,००० नाणी) आणि १९४२ साल १९४१वर पडलेलं, ही दोन मुख्य. १९१६-डीचा डी चिकटवलेला असू शकतो, तेव्हा वरचीच मुळाशी बघायची तपासणी करा. १९४२मध्ये दोनाच्या डावीकडे एकाची उभी रेघ स्पष्ट दिसते आणि चारही दुहेरी असतो. चार एकेरी असेल, तर कुणीतरी फक्त दोनाशी खेळलं आहे. रूझवेल्ट डाईममध्ये १९८२चं, सालावर पी (फिलाडेल्फियाचं चिन्ह, त्या सालच्या डाईमवर ते असायला हवं होतं) किंवा दुसरं कुठलंच अक्षर नसलेलं, बाजूला ठेवा. १९६४नंतरच्या डाईमचं वजन २.२७ ग्रॅम असतं आणि चांदीच्या डाईमचं २.५०, म्हणून १९६५ची तोलून घेतलेली बरी.

ठेवायचं कसं, पाठवायचं कुठलं

मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात नाणी ठेवू नका. त्यातून हिरवट चिकट द्रव सुटतो आणि तांबं खातो. मायलर या पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी असलेली पुठ्ठ्याची चौकट किंवा कडक प्लॅस्टिकची डबी घ्या. मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या हवेत डब्यात सिलिका जेलची पुडी हवीच आणि पावसाळ्यात ती बदलायची. जस्ताच्या सेंटला दमट हवेत मुलाम्याखाली फोड येतात, ते कशानेही जात नाहीत.

प्रमाणित करायला पीसीजीएस, एनजीसी आणि एएनएसीएस या अमेरिकेतल्या संस्था आहेत. व्हरायटीचं नाव लेबलवर हवं असेल तर अर्जात ते बहुतेकदा वेगळं मागावं लागतं, त्याचं शुल्कही वेगळं. शुल्क, विमा आणि येण्याजाण्याचा टपालखर्च धरला, तर किरकोळ व्हरायटीसाठी हा खटाटोप परवडत नाही. न्यू जर्सीत नातलग असतील तर नाणं त्यांच्या हातून तिथूनच पाठवणं सोपं पडतं.

तुमच्या तिघांसाठी आज करायचं एवढंच. १९४३ला चुंबक लावा. १९१४-डीच्या खांद्याच्या कडेवर व्हीडीबी आहे का बघा. १९६९-एसमध्ये फक्त एसवर भिंग धरा, दिवा डावीकडून वर ठेवा आणि नाणं पूर्ण एक फेरी फिरवा. एस एकेरीच राहिला, तर सालाचा, एसचा आणि 'लिबर्टी'चा असे तीन वेगळे, न कापलेले फोटो काढून इथे टाका. ठशाची जागा जुळते का ते आपण मिळून बघू.